ड्रायव्हरकाकांचे पाहुणे

लाँड्रीच्या वर एक खोली होती. दर गुरुवारी चार वाजता त्या खोलीत पाच माणसं गोल करून बसायची आणि मनात साठलेलं बाहेर काढायची. दारावर कागद होता : ‘वंश, रंग आणि आपण कोण – मोकळं बोलायचा गट’. त्याखाली दुसऱ्या पेनाने, मोठ्या अक्षरात : ‘कपडे खाली द्यावेत’. कारण गट नवा होता तेव्हा दर दहा मिनिटांनी कोणीतरी चादरींचं गाठोडं घेऊन वर यायचं, पाच रडवेले चेहरे बघायचं आणि ‘सावकाश होऊ द्या हं’ म्हणत उलट्या पावली परत जायचं.

खोली तशी झकास होती. लांबलचक खिडकी, कोपऱ्यात बेसिन, पाच खुर्च्या आणि त्यातली एक डुगडुगणारी. खालच्या गरम पाइपांमुळे जमीन कायम कोमट. पंचाईत एकच. खालचं मोठं मशीन कपडे पिळायला लागलं की वरची अख्खी खोली थरथरायची, आणि त्या मशीनला कसं कळायचं देव जाणे, पण कोणी आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य बोलायला तोंड उघडलं की नेमकं तेव्हाच ते सुरू व्हायचं. मग सगळ्यांनी दोन मिनिटं गप्प थरथरत बसायचं आणि ते थांबलं की उरलेलं वाक्य पुरं करायचं.

पाचांतली सगळ्यात लहान होती भोंगा. दहावीतली. हे नाव तिला गटातल्या जुळेदादाने ठेवलं होतं, आणि गंमत म्हणजे तीन महिन्यांपूर्वी ती आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

त्याचं असं झालं होतं. शाळेचा क्रीडादिन होता. फाटकावरचा माणूस फक्त पालकांना आत सोडत होता. भोंग्याची आई म्हणाली, “मी हिची आई.” त्याने आईकडे पाहिलं, मग भोंग्याकडे, मग परत आईकडे. आई म्हणजे उन्हात दोन मिनिटं उभी राहिली की टोमॅटो होणारी. भोंगा गेलेली बाबांवर, आणि बाबा आलेले समुद्रापलीकडून, भाजलेल्या कॉफीच्या रंगाचे. फाटकावरचा माणूस खो खो हसला. “काहीतरीच काय बाई!” म्हणाला. आईसुद्धा हसली, पर्समधून ओळखपत्र काढून दाखवलं आणि आत गेली. त्यानंतर तीन आठवडे भोंग्याने शाळेत तोंड उघडलं नाही. बाईंनी प्रश्न विचारला तरी नाही, मैत्रिणीने चिमटा काढला तरी नाही. शेवटी शाळेनेच तिला या गटात धाडलं.

इथे आली आणि दुसऱ्याच गुरुवारी तिचा बांध फुटला. मग काय! फाटकावरचा माणूस, केसांना न विचारता हात लावणाऱ्या बायका, ‘तू नक्की कोणाची गं?’ विचारणारे बसमधले आजोबा, सगळे एका दमात बाहेर पडले. तेव्हापासून ती भोंगा. शाळेतही आता तिचा हात कायम वर असायचा.

क्रीडादिनाची एक गोष्ट मात्र तिने इथेही सांगितली नव्हती. ती पोटात तशीच होती.

गट चालवणाऱ्या समुपदेशक बाई फार कमी बोलायच्या. कोणी काहीही सांगो, त्या मान कलती करून “हं” म्हणायच्या. पण त्या एका ‘हं’चे शंभर प्रकार होते, आणि प्रत्येक ‘हं’नंतर माणूस आपोआप आणखी बोलायचा. म्हणून त्या हं-बाई. दुसऱ्या होत्या टेलरमावशी. त्यांच्या तीन पिढ्या याच गल्लीत झाल्या, तरी नवं गिऱ्हाईक आलं की चेहरा बघून त्यांच्याशी हळूऽऽ आणि मोठ्याने बोलायचं, जणू मावशी भिंतीपलीकडे उभ्या आहेत. तिसरा जुळेदादा, कॉलेजातला. तो सावळा आणि त्याचा जुळा भाऊ गोरापान. दोघांच्या वाढदिवसाला एका पाहुणीने याच्याच हातात मोबाइल दिला होता, “जरा आमचा फोटो काढ ना,” म्हणून. “मी काढला,” जुळेदादा म्हणायचा, “आणि सगळ्यांची डोकी कापली.”

आणि चौथे ड्रायव्हरकाका. तीस वर्षं बस चालवून आणि डेपोत काम करून निवृत्त झालेले. काका सगळ्यांच्या गोष्टी ऐकायचे, मधेच एखादं वाक्य टाकून हसवायचे. स्वतःबद्दल मात्र एक अक्षर नाही. डावा हात कायम जाकिटाच्या खिशात.

गटाचे नियम दोनच. पहिला : इथलं इथेच. दुसरा : सल्ला द्यायचा नाही, दिला तर त्या दिवशी सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. पहिला नियम सगळे सहज पाळायचे. दुसऱ्यापायी भोंग्याने तीन महिन्यांत इतके कप धुतले होते की साबणाची बाटली संपली की हं-बाई तिलाच सांगायच्या.

तर एका गुरुवारी, चहा झाल्यावर, काकांनी अचानक डावा हात खिशातून काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नकली होतं. बाकी हात काकांचा, म्हणजे गडद, जुन्या लाकडी टेबलासारखा. आणि ती दोन बोटं गुलाबी. बाहुलीच्या पायासारखी गुलाबी.

“डेपोत इंजिन चालू असताना पंख्याजवळ हात घातला,” काका म्हणाले. “घाई माझीच. दवाखान्यात दोन बोटं मिळाली, तयार डब्यातली. डब्यावर लिहिलं होतं ‘अंगाचा रंग’. कोणाच्या अंगाचा, ते काही लिहिलं नव्हतं.”

जुळेदादा फसकन हसला आणि मग ओशाळला.

“हस रे, हस. माझी नात पण हसते. चार वर्षांची आहे. ती या दोघांना पाहुणे म्हणते. म्हणते, हे आपल्याकडचे नाहीत ना, म्हणून पाहुणे. रोज सकाळी त्यांना वेगळं ‘कसे आहात’ विचारते.” काकाही हसले, मग थांबले. “गोड आहे पोर. पण रस्ता ओलांडताना मी तिला या हाताने धरत नाही. या बोटांना नऊ वर्षं झाली. या गावात मी तरणाताठा आलो, आणि तेव्हापासून जो तो विचारतो, तू कुठला? त्याची सवय झाली हो. पण आता माझाच हात मला…”

खालचं मशीन सुरू झालं. दोन मिनिटं सगळी खोली थरथरली, बेसिनमधले चमचे नाचले, काकांचे पाहुणेही गुडघ्यावर थरथरले. मशीन थांबलं.

“…माझाच हात मला विचारतो, तू कुठला,” काकांनी वाक्य पुरं केलं.

“हं,” हं-बाई म्हणाल्या. हा ‘हं’ अगदी मऊ होता.

आता इथे भोंग्याची काय अवस्था झाली असेल विचारा! कारण तिची आई काम कुठे करायची? हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, नकली हात-पाय-बोटं-कान बनवायच्या कार्यशाळेत! आणि तिथे आईचं काम काय? रंग जुळवणं! माणसाच्या कातडीशेजारी रंग धरून तो असा मिसळायचा की नकली बोट कुठलं ते शोधावं लागेल. भोंग्याच्या जिभेवर सगळं वाक्य तयार होतं : ‘काका, तुम्ही माझ्या आईकडे जा!’ पण तो झाला सल्ला. तिने ओठ दाताखाली धरले, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि घड्याळाकडे बघत बसली. पाच वाजले. तिने एकही सल्ला दिला नव्हता! त्या दिवशी कप मावशींनी धुतले, कारण त्यांनी जुळेदादाला केस कापून घ्यायला सांगितलं होतं.

भोंगा उड्या मारत घरी गेली. आई भाजी चिरत होती.

“आई, आई, आई! एक काका आहेत, त्यांची दोन बोटं…” आणि तिने सगळं सांगून टाकलं. डबा, पाहुणे, नात, सगळं.

“अगं बाई! डब्यातली बोटं अजून देतात?” आईची सुरी थांबली. “नऊ वर्षं? मला दोन दिवस पुरतील. त्यांना म्हणावं, या.”

“मी नाही म्हणू शकत, तो सल्ला होतो. तू फोन कर!”

“ओळख ना पाळख, मी कोणाला फोन करू?”

भोंग्याने नाव सांगितलं. नंबरही सांगितला, गटाच्या यादीतून.

“पण त्यांना चालेल ना?” आईने विचारलं.

“अगं, सरप्राइज आहे!”

सोमवारी आईने फोन केला. संध्याकाळी म्हणाली, “जरा गप्प-गप्प वाटले. ‘बरं, आभारी आहे’ म्हणाले आणि ठेवला.”

“आनंदाने बोलता येईना त्यांना!” भोंगा म्हणाली आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

गुरुवारी ती पावणेचारलाच हजर. काका कसे येतील, काय म्हणतील, आपण कसं ‘छे छे, त्यात काय’ म्हणायचं, सगळी तालीम झाली होती. चार वाजले. सव्वाचार झाले. काकांची खुर्ची रिकामी.

हं-बाईंनी कप खाली ठेवला. “काकांचा फोन आला होता. ते म्हणाले, जसंच्या तसं सांगा. ‘मी चार माणसांना आणि एका मशीनला सांगितलं होतं. हॉस्पिटलात कसं पोचलं, ते मशीनला विचारा.’ आणि आता ते येणार नाहीत.”

भोंग्याला वाटलं, खुर्चीसकट आपण खाली लाँड्रीत जाऊन पडणार. दुसरा नियम सांभाळता सांभाळता तिने पहिल्याच नियमाचा चुराडा केला होता, आणि तिला पत्ताही नव्हता!

“मी,” ती म्हणाली. “मी सांगितलं. आईला. नाव पण. नंबर पण.”

“अगं बये!” टेलरमावशी ताडकन उठल्या. “मी इथे काय काय बोलले आहे! माझ्या सासूबद्दल बोलले आहे!”

“सासूबद्दल तुम्ही खाली लाँड्रीवाल्यालाही सांगता, मावशी,” जुळेदादा पुटपुटला.

“ते मी सांगते! मला हवं तेव्हा, मला हवं तेवढं! फरक कळतो का काही?”

कळला. भोंग्याला तर चांगलाच कळला.

“तुला काय हवं होतं?” हं-बाईंनी विचारलं. रागाचा लवलेश नाही. ते आणखीच अवघड.

“काकांचं भलं व्हावं.”

“हं.”

“खरंच!”

“हं.”

तिसरा ‘हं’ आलाच नाही. मग भोंगा अगदी हळू आवाजात बोलली, जी तिची सवय नव्हती. “माझी आई रोज परक्या माणसांचा रंग बनवते. बरोब्बर. लोक हात बघून रडतात आनंदाने. आणि ती आणि मी रस्त्याने चाललो की लोक माना वळवतात. आमचं जुळतच नाही कोणाच्या डोळ्यात. मला एकदा बघायचं होतं, न जुळणारं काहीतरी जुळलेलं. काकांची ती दोन बोटं मला… माझ्यासारखीच वाटली. मी काकांसाठी नव्हतं केलं. थोडं केलं होतं. बाकी माझ्यासाठीच.”

मावशी खाली बसल्या आणि आपला रुमाल तिच्या मांडीवर फेकला. प्रेमाने, पण फेकलाच.

“आता काय करू?” भोंगा नाक पुसत म्हणाली. “जाऊन पाया पडू? घरी जाऊ त्यांच्या?”

“त्यांनी घरी बोलावलं आहे?” हं-बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग पत्र लिही. मी पोचवीन. वाचायचं की नाही, ते त्यांच्यावर.”

आणि तिथेच, त्या कोमट जमिनीवर बसून भोंग्याने पत्र लिहायला घेतलं. पहिलं पत्र दोन पानी झालं. जुळेदादाने वाचलं आणि पेन काढला. “‘काका, तुम्ही मन मोठं करा.’ सल्ला!” त्याने काट मारली. “‘राग धरून तब्येत बिघडते.’ सल्ला. ‘निदान माझ्या आईचं काम तरी बघून या.’ अगं, निर्लज्जपणे सल्ला!”

“मग उरलं काय?”

“‘प्रिय काका’ उरलंय. आणि शेवटी तुझी सही.”

दुसऱ्या पत्रात चार ओळी उरल्या. तिसऱ्यात मावशींनी सगळे ‘पण’ काढायला लावले. “माफी मागताना ‘पण’ घातला की शिवण उसवते,” त्या म्हणाल्या. शेवटी राहिलं ते एवढंच : ‘तुमची गोष्ट मी बाहेर नेली. ती माझी नव्हती. माझं चुकलं.’

ते बघून भोंग्याला फार रितं-रितं वाटलं. मग तिने सगळ्यांकडे पाठ फिरवली, कागद गुडघ्यावर घेतला आणि खाली आणखी काहीतरी लिहिलं. कोणालाही दाखवलं नाही. घडी घालून हं-बाईंच्या हातात दिलं.

तिने लिहिलं होतं : ‘क्रीडादिनाला फाटकावरचा माणूस हसला तेव्हा मी आईपासून दोन पावलं बाजूला सरले. तिची नाहीच असं दाखवलं. आई ओळखपत्र शोधत होती आणि मी झाडाकडे बघत होते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मी तुमची गोष्ट नेली, तर ही माझी तुमच्याकडे. तुम्हाला ती हवी त्याला सांगायची परवानगी आहे.’

पुढच्या गुरुवारी खुर्ची रिकामीच. जुळेदादाने आपल्या भावाचे दोन किस्से सांगितले, कोणी फारसं हसलं नाही. मशीनसुद्धा उगाचच चाललं, कारण अवघड वाक्य कोणी बोलतच नव्हतं. भोंग्याने एकही सल्ला न देता सगळे कप धुतले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी जिना वाजला.

“बस चुकली,” दारात उभे राहून ड्रायव्हरकाका म्हणाले.

तीस वर्षं बस चालवलेला माणूस म्हणतो बस चुकली! मावशींना हसू आवरेना. काकांनीही थोडं हसून घेतलं आणि आपल्या खुर्चीत बसले. हात खिशात होता. भोंगा डुगडुगणाऱ्या खुर्चीवर इतकी स्तब्ध बसली होती की ती खुर्चीसुद्धा डुगडुगेना.

“पत्र मिळालं,” काका म्हणाले. “मी रागावलो होतो, पोरी. बोटांवरून नाही. तुझ्या आईवरूनही नाही. ती भलीच बाई आहे. नऊ वर्षं मी ते खिशात ठेवलं. कोणाला दाखवायचं, कधी दाखवायचं, एवढं एकच माझ्या हातात होतं. ते मी पहिल्यांदा उघडलं, आणि माझं अजून बोलून होत नाही तोवर तू घेऊन पळालीस.”

“हो,” भोंगा म्हणाली. ‘पण’ न लावता.

“आणि तू खाली जे लिहिलंस ना… माझ्या बायकोने विचारलं, काय आहे पत्रात? म्हटलं, गटातलं आहे. ती म्हणाली, म्हणजे मी परकी का? म्हटलं, गटातलं आहे. चार दिवस झाले, माझ्या ताटात भाजी आदळते आहे ती!” काकांनी कपाळाला हात लावला. “काय अवघड असतं गं ते, कोणाचं काही सांभाळायचं म्हणजे! मला वाटलं, पंधरा वर्षांच्या पोरीला जमलं नाही, तर एवढं काय. मला साठीत जड जातंय.”

सगळे हसले, आणि भोंगा हसता हसता रडली, मग रडता रडता हसली. तिला दोन्ही एकदम येत होतं.

“शनिवारी मी तुझ्या आईकडे जातोय,” काका म्हणाले. “मी फोन केला. मी, माझ्या हाताने. तू पण ये. नियम एकच. तोंड उघडायचं नाही.”

शनिवारी भोंगा कार्यशाळेत स्टुलावर बसली, ओठ मिटून. आईने काकांचा हात खिडकीपाशी घेतला. “इथेच ठेवा. ट्यूबलाइट खोटं बोलते,” ती म्हणाली. मग काचेच्या पाटीवर थेंब-थेंब रंग काढायला लागली. तपकिरी, मग दुसरा तपकिरी, मातीचा पिवळा, इवलासा निळा. सांध्यांवर गडद, नखाजवळ जांभळट, तळव्याच्या कडेला एकदम फिका.

“इतके?” काकांनी चष्मा वर केला. “मला वाटायचं, मी एकाच रंगाचा आहे.”

“एकाच रंगाची फक्त भिंत असते,” आई म्हणाली. “तीही रंगवल्याच्या पहिल्या दिवशी.”

पहिला नमुना तयार झाला. काका म्हणाले, “मी रस्त्यावर जाऊन बघतो. मला काही तुमच्या खिडकीत राहायचं नाहीये.” आणि दारातून जाताना त्यांनी भोंग्याकडे एकदा पाहिलं आणि दार मागे ओढून घेतलं.

आता खोलीत दोघीच. काकांनी ती गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. सांगायची तर ती आता भोंग्यानेच सांगायची होती.

“आई, त्या दिवशी फाटकापाशी मी दोन पावलं बाजूला सरले होते. मुद्दाम.”

आई पाटीवरचा रंग घोटत होती. घोटतच राहिली. “मी हसले होते ना, त्या माणसाबरोबर?”

“हो.”

“मला काय करावं कळेना, म्हणून हसले. तुझ्यासमोर. ते मला अजून टोचतं. तुला सांगू की नको, असं करत राहिले.” तिने मान वर केली. डोळे भरले होते आणि नेहमीप्रमाणे नाक आधी लाल झालं होतं. “एक बाजूला सरली, एक खोटं हसली. काय वेंधळ्या आहोत गं दोघी!”

“मी तुझ्यावर गेले,” भोंगा म्हणाली.

आईने रंगाचं बोट तिच्या नाकाला लावलं, आणि काका परत आले तेव्हा त्या दोघी इतक्या हसत होत्या की त्यांना वाटलं नमुना फसला.

नमुना फसलाच होता. उन्हात पिवळा दिसत होता. दुसरा जास्त लाल झाला. तिसऱ्या वेळी काका रस्त्यावरून परत आले आणि स्टुलावर बसून हात उलटा-पालटा करत राहिले.

मग दोन आठवड्यांनी, पक्की बोटं बसल्यावर, गुरुवारी चारला काका आले. आज हात खिशात नव्हता, गुडघ्यावर होता, अगदी सहज ठेवल्यासारखा. चहा झाला. काकांनी डाव्या हाताने बिस्किटांची ताटली फिरवली. मावशींनी बिस्कीट घेतलं. काकांनी ताटली परत फिरवली.

“आज फार आग्रह,” मावशी म्हणाल्या आणि दुसरं घेतलं.

काकांनी घसा खाकरला. बोटांनी गुडघ्यावर ताल धरला. चष्मा काढून डाव्या हाताने पुसला. जुळेदादा छताकडे बघत भावाची तक्रार सांगत होता. कोणाचं लक्षच नाही! भोंग्याच्या जिभेला नुसत्या मुंग्या आल्या होत्या. तिने गरम चहाचा मोठा घोट घेतला, तोंड भाजलं, तरी गप्प. वर एक बिस्कीट अख्खं कोंबलं.

“भोंग्या, आज गप्प का? बरं नाही का तुला?” जुळेदादाने विचारलं.

तिने जोरजोरात मान हलवली.

शेवटी काकांनाच राहवेना. “अरे, काय माणसं आहात की कोण! नऊ वर्षं सगळं गाव टक लावून बघेल म्हणून मी हात खिशात लपवला, आणि आज मी हात नाचवतोय तर कोणी ढुंकून बघेना!”

एकच गलका झाला. मावशींनी हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला, कापडाची शिवण बघावी तशी जोडावरून नखं फिरवली. “कुठली दोन? अहो, ही का? नाही, ही! अय्या!” जुळेदादा खुर्चीवरच चढला. हं-बाईंनी असा ‘हं’ काढला की तो गाण्यात खपला असता.

“आणि नात काय म्हणाली?” जुळेदादाने विचारलं.

“तिने जुन्या पाहुण्यांना खेळण्यातल्या बसमध्ये बसवलं. म्हणाली, आता ते त्यांच्या घरी जाणार. मग माझा हात धरला आणि ओढत रस्ता ओलांडला. सिग्नल लाल असताना! मी ड्रायव्हर असून!”

“पण हे झालं कसं? तिथे काय काय झालं?” मावशी गर्रकन वळल्या. “भोंग्या! तू तर तिथे होतीस! सांग बघू पहिल्यापासून!”

चारही चेहरे तिच्याकडे वळले. सगळी गोष्ट तिच्याकडे तयार होती. खिडकी, काचेची पाटी, निळ्याचा तो इवलासा थेंब, सगळं अगदी ओळीने. तोंडात बिस्कीट होतं, ते तिने सावकाश गिळलं.

“काका सांगतील,” ती म्हणाली.

काकांनी खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ऐटीत सुरुवात केली. “तर शनिवारी सकाळी मी निघालो. तिथे गेलो तर रंगाच्या शंभर बाटल्या! आणि मी तर म्हटलं, मला असं-तसं चालणार नाही. सात वेळा रस्त्यावर जाऊन बघून आलो, सात वेळा!”

तीनच वेळा गेले होते. भोंग्याने स्वतः बघितलं होतं. तिने पटकन आणखी एक बिस्कीट तोंडात कोंबलं आणि पुढचं ऐकायला सरसावून बसली.